हौशी रेडिओच्या नवोदितांना आपले म्हणा

महोदय,

हौशी रेडिओ, म्हणजे छंद म्हणून परवाना घेऊन रेडिओवर संवाद साधणे. त्यात ३० मेगाहर्ट्झखालील लहरी वापरण्यासाठी मोर्सची (ठिपके आणि रेघांच्या संकेतलिपीची) चाचणी सक्तीची असावी की नाही, हा निर्णय २००३ साली जिनिव्हातील जागतिक रेडिओ परिषदेने प्रत्येक देशावर सोपवला. त्याच वर्षी ब्रिटनने आणि २००७मध्ये अमेरिकेने ती अट रद्द केली. आपल्याकडेही ‘रिस्ट्रिक्टेड’ या मर्यादित श्रेणीच्या परवान्याची परीक्षा मोर्सशिवाय देता येते. तरीही या वाटेने आलेल्यांना कमी लेखणारे काही जुने परवानाधारक भेटतात, याचे मनापासून वाईट वाटते. २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानातील हौशी केंद्रांनी मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचवले, ते प्रसंगावधान आणि सराव यांच्या बळावर. असा सराव परीक्षेत मिळत नाही, तो अनुभवी माणसाशेजारी बसूनच येतो.

नवोदितांची खरी अडचण परवाना हाती आल्यावर सुरू होते. अँटेना किती लांबीची घ्यावी, सोसायटीच्या गच्चीसाठी परवानगी कशी मागावी आणि पहिल्या ‘सीक्यू’ला (कोणीही ऐकत असल्यास उत्तर द्या, या हाकेला) कोणीच उत्तर दिले नाही तर काय करावे, हे त्यांना कोण सांगणार? ज्येष्ठांनी आपली केंद्रे त्यांच्यासाठी खुली करावीत आणि अडखळत येणाऱ्या हाकेला आधी उत्तर द्यावे. मोर्सवर प्रेम असेल, तर तो अवश्य शिकवावा. आवाज पोहोचत नाही अशा गोंगाटातूनही त्याचा क्षीण संदेश पार होतो, हे एकदा ऐकवले की मुले स्वतःहून शिकायला येतील.

– एक हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारक, पुणे