चि. केतकीस, सोबतिणीविषयी

पुणे

चि. केतकी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे सोमवारचे पत्र पोहोचले. कपडे धुणे, बाजारहाट आणि घरचा पत्रव्यवहार हे सारे त्या एकाच मोकळ्या दिवसात उरकायचे असताना तू निम्म्याहून अधिक मजकूर फिलिपिन्समधल्या धर्मप्रचारात तुझ्या जोडीला नेमलेल्या सोबतिणीबद्दलच्या तक्रारींसाठी खर्च केलास, यावरून ती तुला किती जड जाते आहे हे कळले. ती दिवसभर लोकांशी भरभरून बोलते आणि रात्री खोलीवर आल्यावर तुझ्यापाशी अवाक्षर काढत नाही. पहाटेपासून रात्री साडेदहाला दिवा मालवेपर्यंत तिच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटीने जायचे नाही, आणि तरीही एकटे वाटावे, हे खरोखरच अवघड आहे. दर सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांत दोघींपैकी एकीचे नाव निघावे अशी तू प्रार्थना करतेस. त्या प्रार्थनेबद्दल मी काही म्हणणार नाही. पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही.

मनिलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेली तुझी सेबुआनो, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा अजून अभिवादन आणि पाठ केलेली वाक्ये यांच्यापुढे सरकलेली नाही, हे तूच कळवले आहेस. म्हणजे फाटकाबाहेर उभे राहून 'आयो', म्हणजे कोणी आहे का, अशी हाक दोघी मिळून देता खऱ्या, पण आतून 'दायोन', म्हणजे आत या, असे उत्तर आले, की पुढचे सगळे तिच्या एकटीवर येते. आजीचे गुडघे, मुलाची सुटलेली नोकरी, जहाजावर गेलेला नवरा, हे सारे तिने ऐकायचे, तुला इंग्रजीत थोडक्यात सांगायचे, मग धडा मांडायचा, आणि तुझे वाक्य मध्येच अडखळले की तेही सावरून घ्यायचे. इंग्रजी तिलाही परकीच आहे. दोघींच्या वाट्याचे बोलणे उन्हातान्हात दिवसभर एकटीने बोलल्यावर तिच्यापाशी रात्रीसाठी शब्द उरत नसतील, तर त्यात तुझ्यावरचा राग शोधू नकोस. शाळेत सलग तास घेऊन आल्यावर मी स्वयंपाकघरात तोंड मिटून बसत असे, हे तुला आठवत असेल. तेव्हाही तू बाबांना हळूच विचारायचीस, आई का चिडली आहे म्हणून.

आपल्याच मॉर्मन पंथाचा ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक 1852 साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. इंग्रजांच्या लष्करी छावणीत त्याला प्रचार करू दिला नाही, तरी तो इथे राहिला, मराठी शिकला, आणि थोडीच माणसे त्याच्या हाती लागली. त्याचे नाव इतिहासात आहे. त्याला शब्द पुरवणाऱ्या आणि त्याचे उच्चार सुधारणाऱ्या पुणेकरांची नावे मात्र कोणी टिपून ठेवत नाही. तुझ्या बाबतीत ते काम ही मुलगी करते आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की रोज एका घरी तरी पहिली काही वाक्ये तू बोल. लोक हसतील, तर हसू देत. फिलिपिनो माणूस पाहुण्याची भाषा ऐकून हसतो त्यात कौतुकच अधिक असते असे तुझ्या पत्रांवरून वाटते. आठवड्याचे आकडे, किती भेटी झाल्या आणि बाप्तिस्म्यासाठी किती जण तयार झाले, ते ज्याला हवे त्याला कळव. मला कळवले नाहीस तरी चालेल. संध्याकाळचा भात तू लाव आणि तिला अर्धा तास गप्प बसू दे.

इकडे सर्व ठीक आहे. पंथाच्या नियमामुळे चहा आपल्याकडे होत नाही हे अजूनही पाहुण्यांच्या पचनी पडत नाही. परवा तुझ्या आत्याने कोकम सरबत असे काही घेतले, की जणू औषधच. पहिल्या रविवारच्या उपासाला दोन जेवणे सोडताना तू पाणीही घेत नाहीस, तर आदल्या दिवशी उन्हात फार हिंडू नकोस. सायकलवर रेनकोट असू दे.

पूर्वी प्रचारकांना घरी फोन करायची मुभा नाताळ आणि मातृदिन अशी वर्षातून दोनदाच असे. 2019 पासून दर आठवड्याला बोलता येते, तर त्याचा उपयोग करू. येत्या सोमवारी तुमच्याकडे अकरा वाजता, म्हणजे इथे साडेआठला, तिलाही कॉलवर बसव. तुम्ही मुगाची जी मोंगो करता, तिच्यात लसूण आधी परततात की मूग शिजल्यावर फोडणी देतात, हे मला तिच्याकडूनच विचारायचे आहे. ती सांगेल आणि मराठीत तू मला समजावशील.

तुझी,
आई