दहावी पास कामगार आणि परदेशातील नोकरी : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : परदेशी नोकरीला जाणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी एजंटावर टाकण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत ज्यांच्या वडिलांनी कायमच्या नोकऱ्या केल्या, त्या घरांतील मुले आज कंत्राटी कामाला कंटाळून दुबई, दोहा आणि मस्कतकडे डोळे लावून बसली आहेत. मी आखातातील एका कंपनीच्या लेखा विभागात काही वर्षे नोकरी करून परत आलो असल्याने घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या भागांतील ओळखीपाळखीची मुले निघण्यापूर्वी आपले कागद मला दाखवायला आणतात. हे कागद वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती आपल्या खात्याच्या अखत्यारीतील असल्यामुळे हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. या कायद्यानुसार ज्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) असा शेरा असतो, त्या कामगाराला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी त्याचा करार ई-मायग्रेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर चढतो, परदेशी मालकाची नोंद तपासली जाते आणि प्रवासी भारतीय विमा योजना त्याला सक्तीची होते. ती योजना दोन वर्षांसाठी २७५ रुपयांच्या हप्त्यात १० लाख रुपयांचे अपघाती संरक्षण देते. व्यवस्था परिपूर्ण नाही, पण आहे. तक्रार झालीच, तर मालक कोण, पगार किती ठरला होता आणि कोणत्या एजंटाने पाठवले, हे निदान सरकारच्या दप्तरी सापडते.

अडचण अशी आहे की दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला ही मंजुरी लागत नाही. दहावी पास झालेला स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, कागद वाचू शकतो, त्याला सरकारी पहाऱ्याची गरज नाही, असे यामागचे गृहीतक आहे. जेव्हा दहावी होणे ही मोठी गोष्ट होती, तेव्हा ते कदाचित खरेही असेल. आज वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलांना शिक्षण विचारून पाहावे. बहुतेक जण दहावीच्या पुढे गेलेले आढळतील. कुणी आयटीआय केलेले, कुणी डिप्लोमा अर्धवट सोडलेले, कुणी बी.कॉम. होऊन डिलिव्हरीचे काम करणारे. म्हणजे शिक्षणाचा प्रसार जसजसा होत गेला, तसतशी कायद्याच्या छत्राखालील माणसे कमी होत गेली आणि फसवणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक वाढत गेले.

दहावी पास मुलगा करार वाचू शकतो हे खरे मानले, तरी मुळात करार त्याच्या हातात पडतो का, हा प्रश्न उरतोच. अलीकडे एका डिप्लोमाधारक मुलाने मला मोबाईलवर आलेले एक ‘ऑफर लेटर’ दाखवले. एकच पान होते. कंपनीच्या पत्त्याच्या जागी फक्त पोस्ट बॉक्स क्रमांक आणि ‘दुबई’ एवढेच शब्द. पदाचे नाव ‘टेक्निशियन कम हेल्पर’, पगाराचा आकडा दिरहममध्ये, पुढे ‘प्लस ओटी’ (म्हणजे ओव्हरटाइम वेगळा). कामाचे तास, सुट्टी, परतीचे तिकीट यांचा उल्लेख नाही. खाली ‘एचआर मॅनेजर’ असा शिक्का होता, पण माणसाचे नाव नव्हते. सोबतचा व्हिसा पर्यटकाचा होता. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या प्रणालीतून निघतो, त्याला क्रमांक असतो, तो पडताळून पाहता येतो आणि त्यावर कामगाराने सही केल्यावरच नोकरीचा प्रवेश परवाना मिळतो. हे त्या मुलाला कुणी सांगितलेच नव्हते. एजंटाने त्याला सांगितले होते ते एवढेच, की ‘तिकडे गेल्यावर व्हिसा कन्व्हर्ट होतो, सगळे असेच जातात.’

सगळे असेच जातात, यात दुर्दैवाने तथ्य आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीने कामगार कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम इतका दंड ठेवला आहे. पण त्या मालकाचा माग लागेपर्यंत इथून गेलेला मुलगा मुदत संपलेल्या व्हिसावर आठजणांच्या खोलीत दिवस काढत असतो आणि घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगत असतो, कारण एजंटाला दिलेले पैसे आईचे दागिने मोडून आणलेले असतात.

पैशांविषयीही इथेच लिहितो. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. आमच्या भागात मी पावती पाहिलेली नाही. रक्कम लाखाच्या पुढे असते; थोडी रोख, थोडी कुणातरी तिसऱ्याच्याच खात्यावर यूपीआयने, आणि ‘सर्व्हिस चार्ज’, ‘मेडिकल’, ‘स्टॅम्पिंग’ अशी तिची तोंडी फोड केली जाते. पैसे घेणारा बहुधा परवानाधारक एजंट नसतोच. तो सब-एजंट असतो, आणि कित्येकदा गावाकडचा, नात्यातला किंवा त्याच सोसायटीतला असतो. वाशी आणि बेलापूरच्या स्टेशन संकुलांत किंवा त्यांच्या आसपास महिन्याच्या भाड्यावर घेतलेली केबिन, भिंतीवर विमानाचे पोस्टर आणि जाहिरातीवर छापलेला दुसऱ्याच कुणाचा परवाना क्रमांक, एवढ्यावर हा धंदा चालतो. परवाना देताना आपले खाते मोठ्या एजंटांकडून ५० लाख रुपयांची बँक हमी घेते, हे योग्यच आहे; पण केबिनवाल्याने एका रुपयाचीही हमी दिलेली नसते.

(बेलापुरात जहाजावरच्या नोकऱ्या देणाऱ्यांचाही मोठा बाजार आहे. तो नौवहन महासंचालनालयाकडे येतो, म्हणून त्यात शिरत नाही. एवढेच नमूद करतो की नाविकाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेण्यास त्या नियमांत मनाई आहे. जे नाविकाच्या बाबतीत सरकारला पटले, ते वेल्डरच्या बाबतीत का पटू नये, हे मला समजलेले नाही.)

दहावीच्या अटीतून सुटणाऱ्यांचे काय होते, याचा सर्वांत भीषण पुरावा आपल्याच खात्याकडे आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील सायबर गुन्हेगारीच्या तळांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधील माय सोतहून परत आणावे लागले. त्या सुटकेसाठी आपल्या दूतावासांनी घेतलेल्या कष्टांबद्दल मनापासून आभार. पण ही माणसे तिथपर्यंत पोहोचली कशी, हेही पाहायला हवे. डेटा एंट्री आणि कस्टमर सपोर्टच्या नोकरीचे आमिष दाखवून, संगणक आणि इंग्रजी येणाऱ्या मुलांना हेरून, बँकॉकला पर्यटक म्हणून उतरवायचे आणि तिथून रस्त्याने सीमेपलीकडे न्यायचे, ही पद्धत आता सर्वांना ठाऊक आहे. थायलंड त्या १८ देशांच्या यादीत आहे. परंतु शिकलेल्या मुलाला यादी लागूच होत नसल्याने तिचा उपयोग शून्य. कंबोडिया, लाओस आणि म्यानमार तर यादीतच नाहीत. अशिक्षित मजुराला फसवतात म्हणून १९८३ मध्ये कायदा केला, आणि आता फसवणाऱ्यांना शिकलेलीच माणसे हवी आहेत.

हा प्रश्न आपल्या खात्याच्या लक्षात आलेला नव्हता, असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये खात्याने सूचना काढली होती की ईसीआर शेरा नसलेल्यांनीही त्या १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी ई-मायग्रेटवर नोंदणी करावी, अन्यथा १ जानेवारी २०१९ पासून त्यांना विमानात बसू दिले जाणार नाही. गदारोळ झाला आणि महिना संपण्याआधीच ती सक्ती स्थगित होऊन नोंदणी ऐच्छिक झाली. स्थगिती योग्य होती, असेच मला वाटते. सुट्टीवर आलेला अभियंता एखादा अर्ज भरायचा राहिला म्हणून विमानतळावरून परत पाठवला जाणे हे कुणालाच मान्य होणार नाही. परंतु त्या सूचनेतील चूक नोंदणीत नव्हती. नोंदणी कुणी करायची, ते ठरवण्यात चूक झाली. ओझे प्रवाशावर टाकले गेले; ज्याने पैसे घेऊन त्याला पाठवले, तो मोकळाच राहिला. आणि सक्ती मागे घेताना नोंदणीचा विचारच बाजूला पडला.

माझी मागणी त्यामुळे एकच आहे. मोबदला घेऊन कुणालाही, कोणत्याही देशात, नोकरीसाठी पाठवणाऱ्याने त्या माणसाचा करार ई-मायग्रेटवर चढवलाच पाहिजे, मग तो माणूस चौथी शिकलेला असो की एम.बी.ए. झालेला. स्वतःच्या हिमतीवर, थेट कंपनीशी बोलून जाणाऱ्याला हात लावू नये. त्याची नोंदणी ऐच्छिकच राहावी. नोंद झाल्यावर कामगाराच्या मोबाईलवर मालकाचे नाव, पद, पगार, व्हिसाचा प्रकार आणि एजंटाने घेतलेली रक्कम असा संदेश मराठीत जावा, म्हणजे ‘टेक्निशियन कम हेल्पर’ नक्की काय आहे ते मुलाला आणि त्याच्या बापालाही विमानात बसण्यापूर्वी कळेल. संदेश आला नाही, तर पैसे द्यायचे नाहीत, हा साधा नियम मग गल्लीबोळात आपोआप पसरेल. आज मी मुलांना ‘संकेतस्थळावर जाऊन परवाना क्रमांक तपास’ असे सांगतो. क्रमांक खरा निघतो, आणि मूल फसतेच, कारण क्रमांक ज्याचा आहे त्याचा आणि केबिनवाल्याचा काही संबंध आहे की नाही, हे त्या यादीवरून कळत नाही.

सब-एजंटाच्या कृत्याची जबाबदारी त्याच्या परवानाधारकावर टाकावी आणि सब-एजंटाचे नाव परवानाधारकाच्या नोंदीत दिसावे, हे यातूनच ओघाने येते. मधल्या माणसाशिवाय हा व्यवसाय चालत नाही हे मी मान्य करतो. खेड्यातल्या किंवा चाळीतल्या मुलापर्यंत मुंबईतला एजंट स्वतः पोहोचू शकत नाही. म्हणून त्या माणसावर बंदी घालण्यापेक्षा त्याला नाव आणि पत्ता द्यावा.

शिक्षेबद्दल थोडक्यात. नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यात कमाल दोन वर्षे कैद आणि कमाल दोन हजार रुपये दंड आहे. एका मुलाकडून लाख-दीड लाख उकळणाऱ्याला दोन हजारांचे भय काय? शिवाय या कायद्याखाली खटला भरण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, मात्र फसलेल्या कामगाराने स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांनी तक्रार केली तर लागत नाही. ही सवलत कायद्यात स्पष्ट असूनही पोलीस ठाण्यात गेलेल्या पालकांना ‘हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा’ असेच ऐकावे लागते. राज्यांच्या पोलिसांना या कलमांची माहिती देणारे परिपत्रक मराठीत, पोलीस ठाण्याच्या पातळीपर्यंत पोहोचेल असे काढण्यास नवा कायदा लागत नाही.

नवा कायदा येण्याची चर्चा अर्थातच बरीच जुनी आहे. २०२१ मध्ये उत्प्रवासन विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, त्यानंतर २०२५ मध्ये ओव्हरसीज मोबिलिटी विधेयकाचा मसुदा आला. दोन्ही इंग्रजीत होते आणि सूचनांची मुदत आठवड्यांची होती. ज्यांच्यासाठी कायदा आहे, त्यांच्यापैकी आमच्या भागातील किती जणांनी तो वाचला असेल, याचा अंदाज आपल्यालाही असेल. ‘मोबिलिटी’ वाढावी यास माझा विरोध नाही. जर्मनी, जपान येथे कुशल माणसांची मागणी आहे, महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करारही केला आहे, आणि आमची मुले जावीत, शिकावीत, चार पैसे कमवावेत असेच मलाही वाटते. मात्र हे नवे देश त्या १८ देशांच्या यादीत नाहीत आणि तिथे जाणारी सगळी मुले दहावीच्या पुढची आहेत. जर्मन भाषेच्या वर्गांच्या जाहिराती ठाणे स्टेशनच्या पुलावर लागायला लागल्या आहेत, आणि त्यांतील काहींखाली ‘नोकरीची हमी’ असेही लिहिलेले असते. जे आखाताच्या बाबतीत घडले, ते युरोपच्या बाबतीत घडायला फार काळ लागणार नाही.

शेवटी एक छोटी, लगेच करता येण्यासारखी गोष्ट सुचवतो. ईसीआर कामगारांना जाण्यापूर्वी एक दिवसाचे मार्गदर्शन देण्याची व्यवस्था आपल्या खात्याने उभी केली आहे. ती सर्वांना खुली करावी आणि तिचा एक वर्ग ठाण्यात किंवा वाशीत, रविवारी भरवावा. त्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवन पनवेलच्या मुलाला आठवड्याच्या मधल्या दिवशी, रोजंदारी बुडवून गाठावे लागते. याउलट पासपोर्टसाठी प्रत्येकाला एकदा तरी पासपोर्ट सेवा केंद्रात जावेच लागते. तिथेच, बोटांचे ठसे देऊन झाल्यावर, ३०,००० रुपयांची मर्यादा, पर्यटक व्हिसावर नोकरी नसते ही सूचना आणि तक्रारीचा क्रमांक १८००-११-३०९० एवढा मजकूर मराठीत छापलेला कागद हातात द्यावा.

वरील मागण्यांपैकी कराराच्या नोंदणीबाबत आपल्या खात्याची भूमिका काय आहे, आणि प्रस्तावित कायद्यात दहावीची अट राहणार आहे की जाणार आहे, याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
कोपरखैरणे, नवी मुंबई येथील एक नागरिक