खाजण वाचवण्याबाबत मित्रास पत्र

नागपूर,
12 जून 2025

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

गावालगतच्या खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या खारफुटीच्या दलदलीत, भराव टाकून बाजारासाठी जागा करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येणार असल्याचे तुझ्या पत्रातून कळले. मी डॉक्टर असल्याने तू माझे मत विचारलेस. या ठरावाला तू विरोध करावास आणि तो गावाच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडावास, असे मला मनापासून वाटते.

पुराचे बहुतेक आजार पाणी ओसरल्यावर डोके वर काढतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे येथे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतून लोक घमेल्यांनी काळा गाळ उपसत होते आणि एक मावशी अनवाणी पायांनी त्याच गाळात उभ्या राहून आपली भांडी शोधत होत्या. त्यांच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला. उंदरांच्या लघवीतून पाण्यात मिसळलेले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू अशाच भेगांतून शरीरात शिरतात आणि ताप येतो तो बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी, म्हणजे पुराची चर्चा थांबल्यावर. तापाबरोबर पोटऱ्या असह्य दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर अंगावर काढू नये. उपचाराला उशीर झाल्यास मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होण्याची भीती असते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती.

तुमच्याकडे कोकणात पावसात भरतीची भर पडते. वाशिष्ठी नदीच्या पुराने 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात काय केले, ते तू पाहिलेच आहेस. भरतीने खाडी तुंबली की नदीच्या पाण्याला उतरायला जागा उरत नाही. मग शौचालयांच्या टाक्या, गटारे आणि विहिरी एकाच पाण्याखाली जातात आणि मागोमाग जुलाब, कावीळ, विषमज्वर येतात. विहिरींत खारे पाणी शिरले, तर त्याचा त्रास अधिक काळ टिकतो. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात पिण्याच्या पाण्यातील खारेपणा आणि गरोदर स्त्रियांचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध संशोधकांना आढळला आहे.

खाजण या सगळ्याच्या आड उभे असते. भरतीचे आणि पुराचे पाणी तेथे पसरते, तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) मुळांमध्ये त्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि चिखलातले जीवाणू सांडपाण्यातील नायट्रोजनचा काही भाग काढून टाकतात. कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या जंगलाच्या, 100 मीटर रुंद पट्ट्यात लाटांची उंची 13 ते 66 टक्क्यांनी कमी होते, असे अभ्यास सांगतात. शिवाय कोळंबी, खेकडे, कालवे आणि जिताड्याची पिल्ले तेथेच वाढतात. गरिबाच्या ताटात प्रथिने येतात ती येथूनच.

मात्र सभेत बोलताना अतिशयोक्ती करू नकोस. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात, केंद्रपाडा जिल्ह्यात, ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता तेथे मृत्यू कमी झाले, असे एका अभ्यासात आढळले, हे खरे; पण सरकारने दिलेल्या पूर्वसूचनेने त्याहून अधिक जीव वाचवले, असेही त्याच अभ्यासात म्हटले आहे. डोंगरातून उतरणारा नदीचा मोठा लोंढा तिवरे अडवू शकणार नाहीत. तेव्हा खाजणही हवे, पूर्वसूचना देणारा भोंगाही हवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लेप्टोवरच्या डॉक्सिसायक्लीन गोळ्यांचा साठाही हवा.

समुद्रापासून इतक्या दूर बसून हा कशाला सांगतो, असे कोणी म्हणेल. आमच्या नाग नदीचे सांडपाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते आणि गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचे कांदळवन आहे. खाडीकाठच्या माणसांशी आमचा हा संबंध मला फार जाणवतो.

मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग मानला आहे आणि त्यांच्या भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे; निकालाची प्रत सभेत सोबत ठेव. आरोग्य केंद्राकडून मागील काही पावसाळ्यांतील लेप्टो आणि जुलाबाच्या रुग्णांची वाडीनिहाय संख्या, नावांशिवाय, मिळाली तर मला पाठव. मी तक्ते करून देतो. सभेची तारीख लवकर कळव, म्हणजे मला रजा टाकून येता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत