डब्यातले अन्न की औषध?

संपादक महोदय,

माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना 2003 पासून सुरू आहे. पण पक्षाघाताचा रुग्ण नाकात नळी घेऊन घरी परततो, तेव्हा वेगळाच खर्च सुरू होतो. रोज 1500 कॅलरी द्यायच्या आणि नळीतून द्यायच्या डबाबंद पोषण-पावडरमध्ये 100 ग्रॅमला 430 कॅलरी असतील, तर दिवसाला 350 ग्रॅम लागते. 400 ग्रॅमचा डबा सव्वा दिवसही पुरत नाही. डब्यावर परवाना क्रमांक औषधाचा नव्हे, अन्नसुरक्षेचा असतो. त्यात चिठ्ठीवर नुसते ‘सप्लिमेंट’ लिहिले, की खर्च मंजूर करणारा त्याला टॉनिक समजतो. डॉक्टरांनी निदान, नळीचा प्रकार, रोजच्या कॅलरी, दर वेळचे मिलिलिटर आणि किती आठवडे, हे सारे लिहावे. ‘तोंडाने गिळता येत नाही’ हे वाक्य तर हवेच.

घरचे पातळ अन्न स्वस्त पडते, हे खरे. पण ते गाळावे लागते आणि नळीतून उतरावे म्हणून पाणी वाढवत गेले, की प्रथिने घटतात. नळीतून अन्न देण्याआधी व नंतर 30 मिलिलिटर पाणी सोडले नाही, किंवा चार गोळ्या एकत्र कुटून घातल्या, की नळी तुंबलीच म्हणून समजा.

अमेरिकी सैन्याच्या ट्रायकेअर विम्यात वैद्यकीय गरज सिद्ध झाल्यास असे अन्न आणि ते देण्याची साधने दोन्ही येतात. ईसीएचएसने पावडर, सिरिंज व नळीचे निकष एकाच परिपत्रकात, मराठीतूनही, द्यावेत.

– एक आहारतज्ज्ञ, पुणे