दिवा विझवण्याआधी कोड लिहून द्या

संपादक महोदय,

माझ्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा पावसात खंबाटकी घाट चढताना लुकलुकायचा, इंजिन गचके द्यायचं आणि दोन-तीन दिवसांनी दिवा आपोआप विझायचा. दोन गॅरेजांनी स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड नुसता पुसला आणि पैसे घेतले. बिघाडाच्या क्षणीचा वेग, इंजिनाचं तापमान, भार ही नोंदही त्याबरोबर गेली. याची मला खरोखर चीड आली.

साताऱ्यातल्या एका मेस्त्रींनी मात्र आधी कोड कागदावर उतरवला: पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाची) अदलाबदल करून मला पुन्हा घाटात पाठवलं. या वेळी कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला होता! तिच्या टोकावरच्या रबरी आवरणाला, म्हणजे बुटाला, केसाएवढी चीर होती. ओल धरली की ठिणगी तिथूनच निसटायची. एक कॉइल बदलली, काम झालं.

दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग निकामी होतो. गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, कोड पुसण्याआधी तो बिलावर लिहून द्या.

– एक वाचक, सातारा