चोनानहून आई-बाबांना

चोनान, दक्षिण कोरिया, 30 मे 2010

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली की माझं पुढचं बोलणं घशातच राहतं, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. मी इथली नोकरी आणखी दोन वर्षं वाढवून घेतली. गेल्या मंगळवारी सही केली. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर आई 'नको' म्हणाली असती, आणि तिचा शब्द मोडून सही करणं मला जमलं नसतं. दोन वर्षांत घराचं राहिलेलं सगळं फिटतं. ताईच्या वेळचंही. बाबा, तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, पण मला दिसतं.

आई, तुझी भीती खोटी नाही. 26 मार्चला, त्या शुक्रवारी, टीव्हीवर 'चोनान बुडालं' एवढंच तुझ्या कानावर पडलं. इथे रात्रीचा एक वाजला होता. मी झोपेत फोन घेतला, तर तू एवढंच म्हणालीस, "आहेस ना रे?" इथल्या नौदलात जहाजांना गावांची नावं देतात. माझं गाव जागच्या जागी आहे, समुद्रापासून आत. बुडालं ते त्याच्या नावाचं जहाज, पार तिकडे उत्तर कोरियाच्या हद्दीला लागून, बेंगन्योंग बेटापाशी. 104 जण होते त्यावर. 58 वाचले, 46 गेले.

एप्रिलच्या शेवटी सगळ्या देशानं दुखवटा पाळला, तेव्हा कामावरून सुटल्यावर मीही पांढरी शेवंती वाहून आलो. ओळीनं फोटो लावलेले, गणवेशातले. बरेचसे विशीतले, हसू आवरून धरल्यासारखे. माझ्यापुढे एक बाई होती, आई, तुझ्याच वयाची. ती एकेका फोटोसमोर थांबत होती. मागे एवढी रांग, पण 'चला' म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे खडकावर आपटलं, कुणी म्हणे जुन्या लढाईतला सुरुंग पाण्यात राहिला असेल, कुणी म्हणे जहाजच म्हातारं होतं, लोखंड थकलं. त्याच रात्री सोकचो नावाच्या दुसऱ्या युद्धनौकेनं अंधारात कशावर तरी तोफा डागल्या, आणि नंतर सांगितलं की तो पक्ष्यांचा थवा होता. मग तर तर्कांना ऊतच आला.

बाबा, 1200 टनांचं जहाज मधोमध कसं मोडतं असं तुम्ही विचारलं होतं. जहाजावर टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारा बॉम्ब, सोडला होता असं आता म्हणतात. तो जहाजाला लागलाच पाहिजे असं नाही. तो तळाच्या खाली पाण्यात फुटला की वायूचा प्रचंड बुडबुडा होतो. तो जहाजाला मधून वर उचलतो. मग बुडबुडा आकसतो, खालचा आधार जातो आणि तेच जहाज मधे खाली वाकतं. वर पुन्हा खालून पाण्याचा झोत घुसतो. तुम्ही पट्टी वाइसमध्ये धरून इकडून तिकडे वाकवून तोडायचात ना, तसंच. 20 मेच्या चौकशी अहवालात हेच आहे, आणि टॉर्पेडो उत्तर कोरियाचा होता असंही. चौकशीला अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, स्वीडनची माणसंही होती. मासेमारीच्या जाळ्यानं तळातून टॉर्पेडोचा मागचा भाग निघाला, त्यावर निळ्या शाईत कोरियन लिपीत 'क्रमांक एक' असं हातानं लिहिलेलं. उत्तर कोरिया म्हणतो हे सगळं कुभांड आहे, आमची माणसं येऊन पाहतील. इथल्या सरकारनं त्याला नकार दिला. त्यातून येत्या 2 जूनला इथे स्थानिक निवडणुका, म्हणून काही जण अहवालाच्या वेळेवरच बोट ठेवतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराला ती शाई अजून पटलेली नाही. मला विचाराल तर मोडलेल्या लोखंडाकडे पाहून स्फोट खालून झाला हे पटतं. शाईवरून मी कुणाशी वाद घालणार नाही.

24 तारखेला राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी उत्तरेशी व्यापार थांबवला, दुसऱ्या दिवशी उत्तरेनं संबंध तोडल्याचं जाहीर केलं. तुम्हाला टीव्हीवर तेवढंच दिसतं. पण केसोंगला, उत्तरेच्या जमिनीवर, इथल्या कंपन्यांचे कारखाने आजही चालू आहेत. आमच्यात सगळे तिकडेच लक्ष ठेवून असतात. तिथलं फाटक ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी मी बॅग भरायला घेईन, तुमच्या फोनची वाट न बघता.

आणि बाबा, जनरल थोरातांची गोष्ट तुम्हीच सांगायचात. आपल्या भागातला माणूस कोरियन युद्ध थांबल्यावर 1953 साली इथे आला आणि आपल्या जवानांनी 22,000 वर युद्धकैद्यांची राखण केली. तेव्हाही तह झाला नव्हता, नुसता शस्त्रविराम, तो आजतागायत. समुद्रातली हद्द उत्तरेनं कधी मानलीच नाही. 1999, 2002 आणि परवाच्या नोव्हेंबरातही तिथे चकमकी झाल्या. सख्खे भाऊ असे दात-ओठ खात शेजारी राहतात, तरी सकाळी दुकानं उघडतात, पोरं शाळेत जातात. आई, 71 साली मामाकडे खिडक्यांना काळे कागद होते आणि भोंगा वाजला की आजी समईसुद्धा पदराआड धरायची, हे तूच सांगतेस ना? इथेही सरावाचा भोंगा वाजतो. रस्त्यावरची वाहनं थांबतात, थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

माझं म्हणशील तर खोलीची जमीन खालून गरम होते, थंडीत नुसत्या चटईवर छान झोप लागते. भात दोन्ही वेळेला. तूरडाळ सोलहून आणतो, महिन्याची एकदम. मेतकूट अजून अर्धा डबा आहे, कांदा-लसूण मसाला मात्र संपत आलाय. पासपोर्ट आणि थोडे पैसे एका पिशवीत दाराशीच ठेवलेत. दूतावासात नाव नोंदवलंय.

बाबा, आठवतं? पंचगंगेला पूर आला की मी बघायचा हट्ट धरायचो. तुम्ही खांद्यावर घेऊन जायचात, पण घाटाच्या बरंच अलीकडे थांबायचात. "इथूनच दिसतं," म्हणायचात. मी तसाच अलीकडे उभा आहे.

आता माझं ऐका. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याच्या आत करून घ्या, माझी वाट बघत बसू नका. पैसे ताईच्या खात्यात टाकलेत. बाबांनी टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही म्हणजे नाही, शेजारच्या पोराला हाक मारा. बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. रात्री नऊनंतर बातम्या बंद. रागावून नाही म्हणत, तुम्ही दोघं जागे आहात हे कळलं की मलाही झोप लागत नाही.

यंदाच्या गणपतीला येणं होणार नाही, हे लिहायला शेवटपर्यंत टाळत होतो. दिवाळीची रजा मागितली आहे. आई, तोवर माझ्या वाटणीचा नैवेद्य तू खा.

रविवारी तुमच्या सकाळी साडेसातला फोन करतो, इथे अकरा वाजलेले असतात. आईनंच उचलायचा.

तुमचा,
बंडू