इलेक्ट्रॉनिक इग्निशन किटसोबत चुकीची कॉइल आल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: प्रीमियर पद्मिनीसाठी घेतलेले किट निकामी होणे व वॉरंटी नाकारली जाणे

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून माझ्या 1986 सालच्या पद्मिनीसाठी पॉइंटऐवजी (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या यांत्रिक संपर्कांऐवजी) बसवायचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट घेतले. प्लगच्या ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी कॉइलही त्याच खोक्यात होती. ते जेमतेम 300 किलोमीटर चालून बंद पडले. किट अधिकृत मेकॅनिककडून बसवले नाही, या कारणावरून आपल्या विभागाने वॉरंटी नाकारली आहे. "घरच्या घरी अर्ध्या तासात बसवा" असे खोक्यावर आपणच छापले असताना हे कारण मला मुळीच मान्य नाही.

ही गाडी माझ्या वडिलांची आहे. पॉइंट घासणे, फिलर गेजने गॅप लावणे, टायमिंग जुळवणे ही कामे मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पॉइंटबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, परंतु पॉइंटसोबत लागणारे, हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर टिकत नाहीत आणि वर्षभरात तीन बदलावे लागल्यामुळेच मी आपल्या किटकडे वळले.

किट बसवताना मी पत्रकातील प्रत्येक सूचना पाळली. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला अर्थ आहे याची खात्री केली, डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर चुंबकाची रिंग पूर्ण खाली बसवली, लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला व काळी निगेटिव्हला जोडली आणि शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग तपासले. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नये, ही सूचनाही मी एकदाही मोडलेली नाही.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन मिसिंग करू लागले आणि मागे ट्रकची रांग असताना बंद पडले. गाडीत माझी वृद्ध आई होती. पाऊण तासाने मॉड्यूल (किटमधील पॉइंटचे काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) निवल्यावर इंजिन सुरू झाले, परंतु दहा मिनिटांत पुन्हा बंद पडले ते कायमचेच. डिकीत जपून ठेवलेली जुनी कॉइल आणि पॉइंट-कंडेन्सरसह जुनी प्लेट मी रस्त्याच्या कडेलाच बसवली, तेव्हा गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. बॅटरी, प्लग, एचटी (प्लगकडे उच्च व्होल्टेज नेणाऱ्या) वायरी किंवा कार्बोरेटर यांत दोष नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते.

घरी आल्यावर मल्टिमीटरने तपासले असता दोषाचे मूळ सापडले. या मॉड्यूलसोबत प्रायमरीचा (मॉड्यूलला जोडल्या जाणाऱ्या वेटोळ्याचा) रोध किमान 3 ओहम असलेली कॉइल वापरावी, असे आपले पत्रक सांगते. खोक्यातून आलेली कॉइल मात्र 1.5 ओहमची आहे. माझी जुनी कॉइल 3.1 ओहम दाखवते. चालू इंजिनात व्होल्टेज 14 च्या आसपास असते, म्हणजे मॉड्यूलच्या वाट्याला पावणेपाच अँपिअरऐवजी नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह येऊ शकतो. अशा कमी रोधाच्या कॉइलसोबत प्रवाह मर्यादित ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर लागतो. तो खोक्यात नव्हता आणि त्याचा उल्लेखही पत्रकात नाही. कॉइल बसवण्यापूर्वी मोजून पाहावी, असेही त्यात कुठे म्हटलेले नाही, आणि कंपनीने स्वतः जोडून दिलेली वस्तू विसंगत असेल अशी शंका ग्राहकाने का घ्यावी?

आपण किट व कॉइलची पूर्ण रक्कम परत करावी. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, ही जोडी ज्यांना पाठवली गेली आहे त्या सर्व ग्राहकांना तत्काळ कळवून योग्य कॉइल द्यावी, कारण दुसरी कुणाची गाडी एखाद्या घाटात रात्री बंद पडली तर त्याच्या डिकीत जुने पॉइंट असतीलच असे नाही. वापराच्या पुरेशा सूचना न देणे हीदेखील ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार उत्पादकाची जबाबदारी ठरू शकते. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

बिलाची प्रत, मल्टिमीटरवरील दोन्ही मोजमापांची छायाचित्रे व पत्रकाचे संबंधित पान सोबत जोडले आहे. निकामी मॉड्यूल व कॉइल मी जपून ठेवली असून आपल्या तंत्रज्ञाने ती माझ्यासमोर तपासावीत.

आपली ग्राहक,
पुणे